ॲसिड सांडत नाही, शिशाचे काय?

फ्रिज घ्यायचा ठरला की आपल्या घरांत महिनाभर चर्चा चालते. रंग कोणता, दार कोणत्या बाजूला उघडावे, शेजाऱ्यांनी कोणता घेतला, दिवाळीपर्यंत थांबले तर सूट किती मिळेल, या सगळ्यांवर घरातली लहानथोर माणसे मत देतात. बॅटरीच्या वाट्याला हा मान कधी येत नाही. तिची खरेदी होते ती अडलेल्या दिवशी. मे महिन्यातल्या वादळाने वीज गेलेली असते, इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकतो, घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असते, आणि घरातला कर्ता पुरुष घाम पुसत दुकानात जाऊन म्हणतो, ‘‘चांगली द्या हो. ते पाणी टाकायचे झंझट नको आणि ॲसिड सांडायला नको.’’ दुकानदार एका बॅटरीवर हात ठेवतो, पैसे दिले जातात, आणि पुढची चार-पाच वर्षे ती वस्तू जिन्याखाली किंवा पलंगाखाली आपल्याबरोबर राहते. तिच्या पोटात काय आहे याचा विचार पुन्हा कोणी करत नाही.

‘न सांडणारी बॅटरी’ ही मागणी रास्त आहे. घरात ॲसिड कोणाला हवे असते? पण या तीन शब्दांमागे आपण बरेच काही गृहीत धरतो. न सांडणारी म्हणजे सर्वांत चांगली, न सांडणारी म्हणजे बिनधोक, न सांडणारी म्हणजे तिच्याकडे पाहायलाच नको, अशी साखळी मनात तयार होते. यातला एकही दुवा पक्का नाही. मी आयुष्याची पस्तीसेक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली. तिथे एक सवय लागते. अर्जदार किती गोड बोलतो ते ऐकून घ्यायचे आणि नंतर साधे प्रश्न विचारायचे: पैसा कुठे जाणार, कशातून फिरणार आणि शेवटी परत कसा येणार? बॅटरीलाही हेच तीन प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे. ती कुठे बसणार, कशाने भरली जाणार आणि शेवटी कुठे जाणार? त्यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि आपण नेमका तोच विचारत नाही.

आधी पोटात काय असते ते पाहू. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिशाचे पत्रे आणि गंधकाचे आम्ल यांची पहिली पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आपल्या जिन्याखालची बॅटरी तिचीच पणती. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये पाणी मिसळलेले सल्फ्युरिक ॲसिड, आणि बाहेर प्लॅस्टिकचे खोके. बॅटरी भरताना, विशेषतः भरून झाल्यावरही वीज आत जात राहिली तर, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि प्राणवायू बाहेर पडतात. पाणी कमी होते ते यामुळे आणि डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते तेही यामुळेच. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एका ठिणगीचे काम उरते. म्हणून बॅटरीजवळ देवाचा दिवा नको, उदबत्ती नको, विडीकाडी तर नकोच.

सांडणे थांबवण्यासाठी तंत्रज्ञांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे ॲसिडमध्ये सिलिका मिसळून त्याचा घट्ट मुरंबा करायचा. ही ‘जेल’ बॅटरी. दुसरी म्हणजे काचेच्या तंतूंच्या बोळ्यासारख्या थरात ॲसिड शोषून घ्यायचे, जसे टिपकागद शाई शोषतो, ही ‘एजीएम’. दोन्हींत भरताना निघालेला प्राणवायू आतल्या आतच पुन्हा पाणी होतो, म्हणून वरून पाणी घालावे लागत नाही आणि घालताही येत नाही. दाब फार वाढला तर एक छोटी झडप उघडते आणि वायू बाहेर जातो. या झडपेमुळेच या जातीला ‘व्हीआरएलए’ असे नाव आहे. दुकानात तिला ‘एसएमएफ’ म्हणतात. खोके आडवे झाले, अगदी फुटले तरी ॲसिडचा ओघळ येत नाही. खरी न सांडणारी ती ही.

इथे एक गोम आहे. मोटारीच्या बॅटरीवर ‘मेंटेनन्स फ्री’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘न सांडणारी’ असा घेते. तो तसा नाही. अशा बहुतेक बॅटऱ्यांत ॲसिड पातळच असते. पट्ट्यांचा मिश्रधातू बदलल्यामुळे पाणी फार कमी उडते, एवढेच. ती आडवी पडली तर छिद्रातून ॲसिड येऊ शकते. तेव्हा दुकानात ‘मेंटेनन्स फ्री आहे का?’ असे न विचारता ‘हिच्यात ॲसिड पातळ आहे की शोषलेले?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने दुकानदाराचाही सूर बदलतो.

आता पहिला प्रश्न: कुठे बसणार? याचे उत्तर मला अमेरिकेतून मिळाले. माझा भाचा तिकडे न्यू जर्सीत असतो. त्याने मोठ्या हौसेने मझदा कंपनीची जुनी दोन आसनी, टप उघडणारी गाडी घेतली. ही गाडी 1989 साली आली आणि जगभर लाडकी झाली. आपल्या समृद्धी महामार्गावर कारंजा-मालेगावच्या बाजूला उभे राहिले तर हल्ली भारी गाड्या डोळ्याचे पाते लवेपर्यंत निघून जातात. पण ही तशी अंगापिंडाने भारी गाडी नव्हे, लहानशी आणि चपळ. तिची बॅटरी मेली तेव्हा त्याने मला फोन केला. ‘‘मामा, तुम्ही बँकेत त्या यूपीएसच्या बॅटऱ्या सांभाळायचे ना? मला इथे तिप्पट किमतीची एजीएमच घ्या म्हणतात. साधी चालणार नाही का?’’

मी विचारले, ‘‘बॅटरी आहे कुठे?’’

‘‘मागे, डिकीत.’’

मग उत्तर उघड होते. पुढचे वजन कमी करून गाडीचा तोल साधावा म्हणून त्या गाडीच्या पहिल्या पिढीत बॅटरी मागच्या डिकीत ठेवलेली आहे. डिकीत सामान असते, बाजूला पत्रा असतो, आणि डिकीतली हवा प्रवाशांच्या हवेपासून फार लांब नसते. वळणावर गाडी कलली आणि ॲसिड सांडले तर पत्रा खाऊन टाकील. वायू साठला तर त्याहून वाईट. म्हणून कंपनीने मुळातच तिथे शोषलेल्या ॲसिडची बॅटरी दिली होती आणि वर वायू गाडीबाहेर जावा म्हणून नळ्याही जोडल्या होत्या. मी त्याला सांगितले, ‘‘तिप्पट तर तिप्पट, तीच घे. पण त्या नळ्या जोडायला विसरू नकोस.’’ सीलबंद म्हणजे श्वास बंद असे नव्हे. झडप आहे याचा अर्थच तिला कधी तरी श्वास सोडावा लागतो.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आले, आमच्या वाशीमला धावत्या गाड्यांच्या डिकीत बॅटऱ्या नसतील, पण घरांच्या डिकीत आहेतच की! पलंगाखाली, देवघराच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या कपाटाशेजारी, पाळण्यापासून दोन हातांवर. जागेवरून जी बॅटरी ठरते ती तिकडे गाडीत आणि इकडे घरात सारखीच ठरते. ओसरी, गच्चीवरची सावलीची खोली, वारा खेळता असलेला जिना अशी जागा असेल तर पाण्याची ट्युब्युलर बॅटरी खुशाल घ्यावी. एकाच खोलीत संसार असेल, बॅटरी झोपायच्या जागेतच ठेवणे भाग असेल, लहान मुले रांगत असतील तर सीलबंद घ्यावी आणि तिलाही वरून गोधडी-चादर टाकून झाकू नये.

‘‘मग सगळ्यांनीच सीलबंद घ्यावी, जास्त पैसे गेले तर गेले,’’ असे कोणी म्हणेल. इथे आमचे ऊन आडवे येते. बॅटरी बनवणारे तिचे आयुष्य 25 अंश तापमानाच्या हिशेबाने सांगतात. त्यापुढे साधारण दर आठ-दहा अंशांना ते आयुष्य निम्मे होत जाते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. वाशीमच्या मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असतात आणि टिनाच्या छताखालची खोली तर भट्टीच. पाण्याची बॅटरी या उन्हात पाणी पिते; आपण वरून घालतो, ती सावरते. सीलबंद बॅटरीला पाणी पाजण्याची सोयच नाही. आतला ओलावा झडपेवाटे गेला की गेला. ती हळूहळू सुकते, भरताना तापते, तापली की आणखी वीज ओढते, त्याने आणखी तापते, आणि शेवटी खोके फुगते. फुगलेली सीलबंद बॅटरी दिसली तर ती ताबडतोब बंद करून बाहेर काढावी. ‘चालतेय तोवर चालू द्या’ हा बाणा तिथे नको.

बँकेत मी हे जवळून पाहिले आहे. रंगराजन समितीच्या अहवालांनंतर बँकांत संगणक येऊ लागले आणि नव्वदच्या दशकात ते हळूहळू आमच्याकडच्या शाखांतही पोहोचले. संगणकापाठोपाठ यूपीएस आले आणि यूपीएसपाठोपाठ सीलबंद बॅटऱ्यांच्या रांगा. तिथे त्या योग्यच होत्या. खातेवह्या, नोटा आणि गिऱ्हाइकांची गर्दी यांच्याशेजारी पातळ ॲसिड कोण ठेवील? ज्या शाखेत त्या बॅटऱ्यांना थंड खोली मिळाली तिथे त्या नेटाने चालल्या. जिथे त्यांना अडगळीच्या कोंदट खोलीत जुन्या लेजरांबरोबर कोंबले, तिथे दोन उन्हाळ्यांत त्यांचा निकाल लागला. माल तोच, कंपनी तीच. फरक फक्त खोलीचा. सीलबंद बॅटरी ही वातानुकूल खोलीतली सून आहे. तिला धाब्यावर निजवायची तर तिची कुरकुर ऐकायची तयारी हवी.

तेव्हा माझे पहिले मत स्पष्टच सांगतो. सीलबंद बॅटरी ही प्रतिष्ठेची वस्तू नाही, ती जागेची गरज आहे. जागा मागत असेल तर घ्यावीच, तिथे काटकसर करू नये. जागा मागत नसेल तर जास्त पैसे देऊन कमी आयुष्य विकत घेण्यात शहाणपणा नाही.

दुसरा प्रश्न: कशाने भरली जाणार? सीलबंद बॅटरी जेवणाच्या बाबतीत मोठी पथ्याची. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून जास्त दाबाने वीज देऊन आतले ॲसिड ढवळून काढणे मानवते. तोच दाब जेल बॅटरीला दिला तर तिच्या मुरंब्याला भेगा आणि बुडबुडे पडतात. म्हणून अनेक इन्व्हर्टरच्या पाठीमागे ‘ट्युब्युलर’, ‘फ्लॅट’, ‘एसएमएफ’ अशा खुणांचे एक छोटे बटण असते. नवी जातीची बॅटरी आली आणि बटण जुन्याच जागी राहिले, असे घरोघर घडते. बसवायला आलेल्या मुलाला चहा देताना तेवढे बटण दाखवायला सांगावे. आणि इन्व्हर्टर फार जुना असून त्याला असे बटणच नसेल, तर त्याला सीलबंद बॅटरी जोडायच्या फंदात पडू नये. मोटारीचेही असेच. गाडीची विद्युतयोजना ज्या जातीसाठी केली आहे ती जात बदलायची असेल तर आधी गाडीसोबत आलेले पुस्तक उघडावे. आपल्याकडे ते पुस्तक गाडी विकेपर्यंत प्लॅस्टिकमध्येच राहते.

आता थोडा हिशेब, कारण जुनी खोड जात नाही. बॅटरीची किंमत पाहू नये. महिन्याचा भाव पाहावा. समजा, एक बॅटरी 12 हजारांची आहे आणि हमी 36 महिन्यांची. दुसरी 15 हजारांची आणि हमी 60 महिन्यांची. पहिली महिन्याला 333 रुपयांना पडते, दुसरी 250 रुपयांना. स्वस्त कोण ते उघड आहे. हमीतही फुकट बदलून देण्याचे महिने किती आणि फक्त किमतीत सूट देण्याचे महिने किती हे वेगवेगळे विचारावे. दोन्हींची बेरीज मोठ्या आकड्यात छापून गिऱ्हाईक दिपवायची रीत जुनी आहे. बॅटरी तयार झाल्याची तारीख पाहावी. दुकानात सहा महिने न भरता पडलेली बॅटरी नवी नसते. पट्ट्यांवर पांढरा थर चढून तिचे वय आधीच सुरू झालेले असते.

ताकदीचा आकडाही एकदा समजून घ्यावा. ‘150 एएच’ म्हणजे काय? वीस तासांच्या मापाने असेल तर ती बॅटरी साडेसात ॲम्पियरची वीज वीस तास देईल. दहा तासांच्या मापाने तोच आकडा असेल तर ती पंधरा ॲम्पियर दहा तास देईल, म्हणजे तीच अधिक दमदार. आकड्याशेजारी ‘सी 10’ की ‘सी 20’ एवढे वाचले की पुरे. 12 व्होल्टच्या अशा बॅटरीत कागदावर 1800 वॅटतास असतात. दोन पंखे आणि तीन दिवे मिळून 180 वॅट लागत असतील, तर कागदावर दहा तास, आणि इन्व्हर्टरचा तोटा नि बॅटरी पुरती न उपसण्याचे पथ्य धरले तर सहा-सात तास. ‘बारा तास चालते’ असे कोणी सांगितले तर त्याला काय काय लावून ते विचारावे.

हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही इन्व्हर्टरसाठी मिळू लागल्या आहेत. त्यांत ॲसिड नाही, शिसे नाही, वजन कमी, आयुष्य जास्त. किंमत मात्र अजून अनेक घरांना जड जाते, आणि चार्जर तिच्या जातीचा लागतोच. ज्याला परवडते त्याने जरूर विचार करावा. पण येती काही वर्षे तरी आपल्या जिन्यांखाली शिसेच राहणार आहे, आणि म्हणूनच तिसरा प्रश्न टाळता येत नाही.

बॅटरी शेवटी कुठे जाणार? नवी आली की जुनी अंगणात येते. दोन दिवसांत भंगारवाला हाक देतो. तो प्रामाणिक माणूस असतो, पोटासाठी उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालतो. तो म्हणतो, ‘‘काका, आतलं पाणी सांडून द्या, मंग वजन करू.’’ आणि ज्या ॲसिडचा एक थेंब घरात सांडू नये म्हणून आपण चार वर्षे जपलो, ते लिटर-दीड लिटर नव्हे, मोठ्या बॅटरीतले चांगले दहा-बारा लिटर ॲसिड नालीत, उकिरड्यावर नाहीतर बोअरवेलच्या शेजारी ओतले जाते. त्यात शिशाचे कण मिसळलेले असतात. सांडू नये म्हणून मोजलेले पैसे आपण शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने सांडून टाकतो. सीलबंद असेल तर ओतण्याजोगे काही नसते, पण शिसे तेवढेच असते. बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून मोठा भाग शिशाचाच.

शिसे 327 अंशांना वितळते. त्यासाठी कारखाना लागत नाही. चांगल्या पेटलेल्या भट्टीवर, कढईत काम होते. खोके कुऱ्हाडीने फोडायचे, पट्ट्या काढायच्या, वितळवून लगडी ओतायच्या. त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मातीत, धान्यावर, कपड्यांवर बसते. मोठ्या माणसाला ते बाधतेच, पण रांगणाऱ्या, माती तोंडात घालणाऱ्या मुलाच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त. रक्तातले शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मूल आजारी दिसतेच असे नाही. ते मागे पडते, चिडके होते, त्याचे लक्ष लागत नाही, आणि आपण मास्तरांना नाहीतर मुलालाच दोष देतो.

आफ्रिकेत सेनेगल देशाची राजधानी डकार. तिच्या कडेला थियारॉय नावाची वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा घरगुती उद्योग चालत असे. शिशाला भाव आला तेव्हा लोकांनी तिथली मातीही खणून, चाळून घरी नेली. 2007 च्या अखेरीपासून 2008 च्या सुरुवातीपर्यंतच्या काही महिन्यांत तिथली 18 लहान मुले दगावली. नंतर तपासात कारण निघाले शिसे. ती माणसे दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच, चार पैसे मिळवू पाहणारी होती.

ही लांबची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. अशी मुले सुमारे 80 कोटी, आणि त्यांतली 27 कोटींहून अधिक एकट्या भारतात. बेकायदा, उघड्यावरचे बॅटरी वितळवणे हे त्यामागचे एक मोठे कारण त्या अहवालाने नोंदवले आहे. 2000 साली आपण देशभर पेट्रोलमधून शिसे काढून टाकले. त्यासाठी सरकारला मोठे धैर्य लागले होते. बॅटरीतले शिसे काढता येणार नाही, पण ते योग्य दारात पोहोचवता येते. त्यासाठी लागते फक्त थोडी शिस्त.

कायदाही आपल्या बाजूने आहे. 2001 च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर आणि उत्पादकांवर टाकली होती. त्यांच्या जागी 2022 साली बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. त्यांनी उत्पादकाला बाजारात आणलेल्या बॅटऱ्यांच्या शेवटाचा जबाबदार ठरवले, आणि वापरणाऱ्याला सांगितले की जुनी बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही, ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायची. बॅटरीवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारल्याचे चित्र असते ते याचसाठी. आणि गंमत अशी, की शिसे हा पुनर्वापराला अत्यंत सोयीचा धातू आहे. नीट कारखान्यात गेला तर तो पुन्हा पुन्हा नव्या बॅटरीत येतो. वाईट धातूत नाही, वाईट वाटेत आहे.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. ‘‘साहेब, दुकानदार जुन्या बॅटरीचे कमी देतो, भंगारवाला दोनशे-पाचशे जास्त देतो. गरिबाने काय करावे?’’ प्रश्न खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये. भंगारवाला जास्त देऊ शकतो, कारण त्याच्या साखळीतला वितळवणारा धुराचा, मातीचा आणि औषधपाण्याचा खर्च धरत नाही. तो खर्च दुसराच कोणी भरतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते पाचशे रुपये नफा नाहीत, ती दुसऱ्याच्या मुलाच्या नावावर काढलेली उचल आहे. पण गिऱ्हाइकाला एवढे समजावून थांबणेही बरोबर नाही. कंपन्यांनी जुन्या बॅटरीचा परतीचा भाव दुकानात फलकावर लिहायला लावावा आणि तो भंगाराच्या भावाशी टक्कर देईल असा ठेवावा. आमच्या जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांच्या बाजारांत एवढे झाले तरी निम्मे काम होईल. नगरपालिकांनी भंगारवाल्यांना चोर ठरवून हाकलू नये. त्यांना नोंदणी देऊन, न फोडलेली, ॲसिडसकट बॅटरी गोळा करणारे साखळीतले पहिले हात करावे. गल्ल्या त्यांना ठाऊक आहेत, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही त्यांच्यावर आहे. आणि ज्या कचेऱ्या, बँका, पतसंस्था, शाळा डझनांनी बॅटऱ्या बदलतात, त्यांनी जुन्या बॅटऱ्या कोणाला दिल्या याची पावती फायलीला लावावी. लेखापरीक्षक दहा रुपयांच्या टपालाचा हिशेब विचारतो. तो हाही विचारील.

घरात करण्याजोगे तर फारच सोपे आहे. पाण्याची बॅटरी असेल तर तीन महिन्यांतून एकदा पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आमच्या बोअरचे जड पाणी नको आणि घरच्या यंत्रातले गाळलेले पाणीही नको. ‘ॲसिड टाकून बॅटरी ताजी करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. हे काम करताना जुने कपडे घालावेत, कारण सुती कापडावर पडलेला थेंब लगेच दिसत नाही. धुवून आल्यावर तिथे भोक असते. डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि दवाखाना गाठावा. फरशीवर सांडले तर खायचा सोडा टाकावा. नवी घेताना पावतीवर ‘जुनी बॅटरी परत घेतली’ अशी नोंद करून घ्यावी. रिकाम्या खोक्यात तुळस लावलेली किंवा कोंबड्यांना पाणी ठेवलेले मी खेड्यांत पाहिले आहे. तेवढे मात्र कोणी करू नये.

आमच्या भागातल्या माणसाला जपून वापरणे शिकवावे लागत नाही. बैलाच्या वेसणीपासून शाळेच्या दप्तरापर्यंत आपण वस्तू शेवटपर्यंत वापरतो. उणीव आहे ती वस्तू दारातून गेली की ती आपली राहिली नाही, या समजुतीची. पुढच्या वेळी बॅटरी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला ‘सांडणार नाही ना?’ असे अवश्य विचारा. उत्तर मिळाले की लगेच दुसरे विचारा: ‘आणि ही जुनी तुम्ही कुठे पाठवणार?’ तो गोंधळला, तर शेजारच्या दुकानात जा आणि तिथेही तेच विचारा. दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की अकराव्यासाठी दुकानदार उत्तर तयार ठेवील.